घरी बांधलेल्या किट कारमध्ये सीट पक्की कशी बसवावी? तळाच्या पत्र्यावर की चासीवर?

अर्धी चासी (धागाकर्ता)

नमस्कार. गेली तीन वर्षे सुट्टीच्या दिवशी मी एक किट कार, म्हणजे सुट्या भागांच्या संचातून घरी जोडायची गाडी, बांधतो आहे. गाडी लोटस सेव्हन या स्पोर्ट्स कारच्या धाटणीची, म्हणजे दोन माणसांची, उघडी आणि बुटकी आहे. चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, २५ मिमी चौकोनी पाइपांची असून पाइपाच्या भिंतीची जाडी १.६ मिमी आहे. तळाला १.२ मिमी जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा असून तो पाइपांना खालच्या बाजूने रिव्हेट मारून बसवलेला आहे. इंजिन बसले, ब्रेकच्या नळ्या झाल्या, वायरिंगही बरेचसे उरकले, आणि सर्वांत सोपे वाटत होते त्या सीटच्या कामावर येऊन मी अडलो आहे.

सीट एका जुन्या गाडीतून काढलेल्या आहेत आणि त्यांचे रनर, म्हणजे सीट पुढे-मागे सरकवणाऱ्या खालच्या पट्ट्या, शाबूत आहेत. रनरला एकूण चार भोके असून पुढच्या आणि मागच्या भोकांमधले अंतर ३०० मिमी आणि डाव्या-उजव्या भोकांमधले अंतर ३८० मिमी आहे. मागची दोन भोके तळाच्या एका आडव्या पाइपावर अगदी नेमकी येतात. पुढची दोन मात्र मोकळ्या पत्र्यावर पडतात, कारण सर्वांत जवळचा आडवा पाइप तिथून ९० मिमी मागे आहे. किटसोबत आलेल्या पुस्तिकेत या विषयाला दीड ओळ दिलेली आहे आणि तिचा सारांश इतकाच, की सीट सोयीच्या जागी ठेवून बोल्टने आवळावी.

माझा बेत असा होता, की मागे पाइपातून आणि पुढे पत्र्यातून ८ मिमीचे बोल्ट घालावेत आणि पुढच्या बोल्टांखाली ३० मिमी व्यासाचे रुंद वॉशर द्यावेत. तसे करून पाहिले. सीटमध्ये बसून पाठ जराशी मागे रेटली, तर तळाचा पत्रा डब्याच्या झाकणासारखा टण्‌ करून वर आला आणि पाठ सोडल्यावर पुन्हा टण्‌ करून खाली गेला. तो आवाज ऐकल्यापासून झोप उडाली आहे. वॉशरऐवजी ३ मिमी जाडीची पोलादी पट्टी पत्र्याखाली दिली तर पुरेल का? पाइपात भोक पाडल्याने पाइप कमकुवत होतो का? स्टेनलेसचे बोल्ट वापरावेत का? अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर सांगावे.

लोहकाम

सीटबेल्टचा उल्लेख तुमच्या लिखाणात कुठेच नाही, म्हणून उत्तर देण्याआधी तेच विचारतो. पट्ट्याचे बकल सीटच्या सांगाड्याला जोडलेले आहे की गाडीच्या मधल्या बोगद्याला, म्हणजे दोन सीटमधल्या उंचवट्याला? अलीकडच्या बऱ्याच गाड्यांमध्ये बकल सीटलाच असते, म्हणजे सीट पुढे-मागे सरकली की बकलही तिच्याबरोबर सरकते. ही सोय फार चांगली आहे, पण ती ज्या गाडीसाठी केलेली असते तिच्या तळाला सीटखाली मजबूत आडवे तुळईवजा भाग आधीच असतात. तीच सीट उचलून पातळ पत्र्यावर ठेवली, तर सीटबरोबर आपण एक मोठी जबाबदारीही उचलून आणली आहे, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

दुसरे असे, की सीटच्या बाजूच्या शिवणीत एअरबॅग किंवा बकलच्या बुडाशी पट्टा ताणणारे स्फोटक साधन आहे का, ते पाहावे. सीटखालून पिवळ्या आवरणाची वायर किंवा पिवळा कनेक्टर निघाला असेल तर बहुधा ते आहे. तशा सीटला वेल्डिंगची केबल, टेस्ट लॅम्प किंवा मल्टिमीटर लावू नये, आणि ते साधन जाणकाराकडून काढून घेतल्याशिवाय त्या सीटवर कोणतेही काम करू नये.

अर्धी चासी

एअरबॅग नाही, सीट त्या काळाच्या आधीच्या आहेत. बकल मात्र तुम्ही म्हणता तसे सीटलाच, रनरच्या वरच्या भागाला जोडलेले आहे. पट्ट्याचे बाकीचे दोन टोक चासीला आहेत. एक मागच्या आडव्या पाइपाला वेल्ड केलेल्या बुशात (आट्यांच्या जाड नळीत) आणि एक रोल बारच्या, म्हणजे गाडी उलटल्यास डोके वाचवणाऱ्या कमानीच्या, बुडाशी. त्या दोन्ही जागा किट बनवणाऱ्यानेच दिलेल्या आहेत.

तिसरा गिअर

मग आधी हिशेब करू. बोल्ट किती जाड घ्यावा हा प्रश्न बहुतेक जण पहिला विचारतात, पण खरे पाहता तो शेवटचा प्रश्न आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या वाहनविषयक नियमांपैकी क्रमांक १७ चा नियम सीटच्या मजबुतीविषयी आहे. त्यातल्या एका चाचणीत गाडीच्या सांगाड्याला किमान २० जी (गुरुत्वाकर्षणाच्या वीस पट) इतके मंदन ३० मिलिसेकंद दिले जाते आणि सीट, तिचे रनर, ते जागी अडकवणारे खटके व जोडण्या यांपैकी काहीही निसटता कामा नये, अशी अपेक्षा असते. तुमची सीट १२ किलोची धरली तर २० जीला तिचा स्वतःचा जोर सुमारे २,३५० न्यूटन होतो. एवढा जोर चार बोल्टांना काहीच नाही. तिन्ही टोके चासीला असलेल्या पट्ट्याने माणूस बांधलेला असेल, तर समोरून धडक झाल्यावर सीटला मुख्यतः स्वतःचेच वजन सांभाळावे लागते.

आता मागून कोणी धडकले असे समजा. इथे पट्टा फारसा कामाचा नाही. माणसाचे धड पाठीवर रेलते आणि सगळा भार सीटच्या पाठीवर येतो. धडाचे वजन ५० किलो धरले आणि तेच २० जी घेतले, तर जोर सुमारे ९,८०० न्यूटन भरतो. हा जोर रनरच्या वर साधारण ३०० मिमी उंचीवर लागतो असे मानू. पुढच्या-मागच्या बोल्टांमधले अंतरही तुमच्याकडे ३०० मिमीच आहे, म्हणजे पुढच्या दोन बोल्टांवर मिळून वर ओढणारा जोर पुन्हा ९,८०० न्यूटनच येतो, प्रत्येकी ४,९००. म्हणजे तुमच्या मांडणीत सर्वांत जास्त ओढले जाणारे दोन बोल्ट नेमके मोकळ्या पत्र्यावर आहेत. मंद गतीने तुमच्या पाठीने तेच केले आणि पत्र्याने टण्‌ करून तुम्हाला सांगितले.

८.८ या ताकदीच्या प्रतीचा ८ मिमीचा बोल्ट सरळ ओढला तर सुमारे २९,००० न्यूटनला तुटतो. म्हणजे बोल्टाला ४,९०० न्यूटनची भीती नाही. भीती आहे ती बोल्टाने ज्याला धरले आहे त्याची. पातळ पत्र्यावर ३० मिमीचा वॉशर आधी बशीसारखा वाकतो, त्याची कड पत्र्यात रुतते आणि पत्र्याचा तंबू होतो. पत्रा फाटला नाही तरी तंबू होईपर्यंत सीट कितीतरी अंश मागे झुकलेली असते, आणि माणूस पाठीवरून वर सरकू लागतो. शिवाय एक बारकावा असा, की तुमचा पत्रा पाइपांच्या खालून लावलेला आहे. तो वर ओढला गेला तर निदान पाइपांना टेकतो, पण खाली दाबला गेला तर सगळा भार रिव्हेटांच्या डोक्यांवर येतो. माणूस नुसता धप्पकन बसला तरी पुढचे बोल्ट पत्र्याला खालीच दाबतात. असे काही हजार वेळा झाले की अपघाताची वाटही पाहावी लागत नाही, रिव्हेट आपणहून सैल होतात.

३ मिमीच्या पट्टीचा आकडा बहुतेक स्पर्धेच्या नियमांतून आला असावा. एफआयए या मोटर शर्यतींच्या जागतिक संघटनेच्या नियमांतील परिशिष्ट जे मधील कलम २५३ मध्ये सीटच्या आधारांसाठी किमान चार जागा, ८ मिमीचे बोल्ट, प्रत्येक जागी किमान ४० चौरस सेंटिमीटर क्षेत्राची उलट बाजूची पट्टी आणि ती पोलादी असल्यास किमान ३ मिमी जाडी, असे सांगितले आहे. पण ते ज्या गाड्यांसाठी लिहिले आहे त्यांचा तळ पोलादी पत्र्याचा, नाळी उठवलेला आणि बाजूच्या पेट्यांना वेल्ड केलेला असतो. तो तळ हाच त्या गाडीचा सांगाडा असतो. तुमच्या गाडीत सांगाडा पाइपांचा आहे आणि तळाचा पत्रा हे झाकण आहे. झाकणाखाली कितीही जाड पट्टी दिली तरी झाकण ते झाकणच राहते.

बकलचे तर याहून गंभीर आहे. क्रमांक १४ चा नियम पट्ट्याच्या टोकांविषयी आहे. साध्या प्रवासी गाडीच्या तीन टोकांच्या पट्ट्यासाठी त्यात छातीच्या पट्ट्यावर १३,५०० न्यूटन आणि त्याच वेळी कमरेच्या पट्ट्यावर १३,५०० न्यूटन असा जोर देऊन पाहतात. छातीचा आणि कमरेचा असे दोन्ही पट्टे बकलशी एकत्र येत असल्यामुळे त्या टोकावर दोघांचाही ताण पडतो. बकल सीटला असेल तर हा सगळा ताण रनरमधून तुमच्या चार बोल्टांत जातो, तोही वर आणि पुढे ओढत. म्हणून माझा स्पष्ट सल्ला असा, की बकल सीटवरून काढून चासीला न्यावे आणि सीटकडे फक्त माणसाला बसवण्याचे काम ठेवावे. पट्ट्याच्या टोकाच्या बोल्टाचे आटे जवळजवळ सर्वत्र ७/१६ इंच, इंचाला २० आटे, असे असतात. त्यासाठी तयार बुश मिळतात आणि ते पाइपात आरपार घालून दोन्ही भिंतींना वेल्ड करावेत. बुश कुठल्याही एकट्या पाइपाच्या मध्यावर न ठेवता दोन-तीन पाइप जिथे मिळतात त्या सांध्याजवळ ठेवावा. जागा ठरवताना कमरेचा पट्टा ओटीपोटावर न चढता कमरेच्या हाडावर बसेल, असा कोन साधला पाहिजे. त्याच नियमात बकलच्या बाजूला आडव्या रेषेपासून ४५ ते ८० अंश ही मर्यादा दिलेली आहे.

पुढच्या बोल्टांसाठी उपाय एकच, आणि तो अवघड नाही. पत्रा त्या भागापुरता सोडवून, जिथे भोके येतात नेमक्या त्या रेषेत एक नवा आडवा पाइप, मधल्या बोगद्याच्या खालच्या पाइपापासून बाहेरच्या पाइपापर्यंत, वेल्ड करून घ्यावा. तुमच्याकडे ही रुंदी किती आहे?

अर्धी चासी

आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत ४५० मिमी आहे. मला वाटले होते, की एवढ्या लांबीचा एकच पाइप मध्ये वाकेल, म्हणून मी जाड अँगल शोधत होतो.

तिसरा गिअर

अँगलची गरज नाही, उगाच नाकापेक्षा मोती जड होईल. ४५० मिमीच्या पाइपावर तुमचे दोन बोल्ट ३८० मिमी अंतराने येतात, म्हणजे प्रत्येक बोल्ट टोकापासून केवळ ३५ मिमी आत पडतो. प्रत्येकी ४,९०० न्यूटन धरले तर वाकवणारा मोमेंट सुमारे १७२ न्यूटन-मीटर होतो. २५ मिमी चौकोनी, २ मिमी जाडीच्या पाइपात त्याने साधारण १३० मेगापास्कल ताण येतो आणि साधे सौम्य पोलाद २५० च्या आसपास नमते. हाच सगळा भार पाइपाच्या मध्यावर एका ठिकाणी दिला असता तर ताण ८०० च्या पुढे गेला असता आणि पाइप नक्की वाकला असता. बोल्ट टोकांजवळ आहेत, यातच तुमचे काम झाले आहे. हा हिशेब ढोबळ आहे. वेल्डिंगने धातू मऊ पडतो आणि भोकाने कापला जातो, म्हणून १.६ ऐवजी २ मिमीचा पाइप घ्यावा आणि दोन्ही टोके चारही बाजूंनी वेल्ड करावीत.

जुना पाना

वरील हिशेब योग्य आहे, पण भोकाविषयी एवढ्यावरच सोडता येणार नाही, कारण मी स्वतः तिथेच फसलो होतो.

माझ्या पहिल्या गाडीत मी चारही बोल्ट पाइपातून आरपार नेले होते आणि मोठ्या समाधानाने आवळले होते. महिनाभराने सीट डुगडुगू लागली. पुन्हा आवळली, पुन्हा डुगडुगली. तिसऱ्यांदा आवळताना पान्याला काही केल्या शेवट लागेना, तेव्हा खाली वाकून पाहिले, तर चौकोनी पाइपाची वरची आणि खालची भिंत बोल्टापाशी आत गेली होती आणि पाइपाला कंबर आली होती. पोकळ पाइपावर आवळलेला बोल्ट पाइप चेपत राहतो, त्यामुळे बोल्टात ताण टिकत नाही. ताण नसलेला बोल्ट प्रत्येक खड्ड्यात थोडा थोडा हलतो, आणि असा हलणारा बोल्ट शेवटी थकून तुटतो.

म्हणून पाइपात १२ मिमीचे भोक आरपार पाडून त्यात १२ मिमी बाहेरचा आणि ८ मिमीहून किंचित जास्त आतला व्यास असलेली जाड नळी घालावी, दोन्ही बाजूंनी वेल्ड करावी आणि वेल्ड घासून सपाट करावे. मग बोल्ट त्या नळीवर आवळला जातो, पाइपाच्या भिंतीवर नाही. भोकाने पाइपाचे जे नुकसान होते तेही वेल्ड केलेली नळी बरेचसे भरून काढते. नुसते ८ मिमीचे भोक पाडून सोडले तर २५ मिमीच्या भिंतीतला तिसरा हिस्सा गेला असे समजावे, आणि तोही सर्वांत जास्त ताण सोसणाऱ्या वरच्या-खालच्या भिंतीतला.

गाडी बुटकी असल्याने बोल्टाचा शेपटा खाली लोंबू द्यायचा नसेल, तर पाइपाच्या खालच्या भिंतीला बाहेरून नट वेल्ड करून बोल्ट वरून घालावा. नट खालीच हवा, म्हणजे बोल्ट वर ओढला गेला की नट भिंतीवर दाबला जातो. तोच नट वरच्या भिंतीवर बसवला तर सगळा भार वेल्डच्या बारीक रेघेवर येतो. वेल्ड करायचा नट जस्ताचा मुलामा नसलेला घ्यावा. मुलाम्याचा धूर छातीला वाईट असतो आणि वेल्डही भुसभुशीत होते. पातळ पाइपात पॉप रिव्हेटसारखे बसणारे जे आट्यांचे नट मिळतात ते डॅशबोर्डला ठीक आहेत. सीटला ते वापरू नयेत, कारण ते जागेवर गरगर फिरू लागले की बोल्ट धड आवळताही येत नाही आणि काढताही येत नाही.

स्टेनलेसचा मोहही टाळावा. बाजारात सर्रास मिळणारा ए२-७० प्रतीचा स्टेनलेस बोल्ट ८.८ पेक्षा कमी ताकदीचा असतो, त्याचे आटे एकमेकांत चिकटून जाम होतात, आणि ॲल्युमिनियमला लागून राहिला तर पाणी साचल्यावर ॲल्युमिनियमच आधी कुजते. डोक्यावर ८.८ असा ठसा असलेला जस्ताच्या मुलाम्याचा बोल्ट घ्यावा. डोके कोरे असेल तर तो फाटकाच्या बिजागरीला ठेवून द्यावा.

कोपऱ्यातला

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, पण याच धाग्यात बसेल असे वाटते. माझ्या किटचा तळ फायबरग्लासचा आहे, बॉडीशी एकसंध ओतलेला, आणि खाली दोन लांब पाइपांची शिडीसारखी चासी आहे. आधीच्या मालकाने सीट फायबरग्लासवरच बसवली आहे आणि आजवर काही झालेले नाही. तरीही बदलावे का?

लोहकाम

बदलावे. आजवर काही झाले नाही, याचा अर्थ आजवर कोणी मागून धडकले नाही, इतकाच.

फायबरग्लास दाबाखाली हळूहळू बसतो. बोल्ट आज बरोबर आवळला तरी काही आठवड्यांत राळ दबते आणि ताण उतरतो. पुन्हा आवळले की आणखी दबते, आणि शेवटी बोल्टाभोवती पांढरट कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा उमटतात. तुमची सीट काढून गालिचा उचला आणि भोकांभोवती बॅटरीच्या उजेडात तिरपे पाहा. बहुधा त्या रेषा दिसतील. उपाय असा, की चासीच्या दोन लांब पाइपांना आडवे पाइप किंवा कान वेल्ड करावेत, फायबरग्लासला मोठे भोक पाडावे आणि त्यात फायबरग्लासच्या जाडीपेक्षा केसभर उंच पोलादी नळी घालावी. मग रनर, नळी आणि पाइप एकमेकांवर थेट आवळले जातात आणि फायबरग्लास मध्ये नुसता असतो, भार घेत नाही. पाणी येऊ नये म्हणून नळीभोवती लवचीक सीलंट भरावे. जिथे पट्टी द्यावीच लागेल तिथे तिचे कोपरे गोल करावेत आणि कडा घासाव्यात, नाही तर तीच पट्टी धडकेच्या वेळी फायबरग्लास कापणारी सुरी होते.

भोक पाडण्याआधी खाली काय आहे ते हाताने चाचपून घ्या. इंधनाची नळी आणि ब्रेकची नळी सीटच्या खालून नेण्याची पद्धत फार आहे. आणि जे कोणी वेल्डिंग करतील त्यांनी बॅटरीची दोन्ही टोके आणि इंजिनच्या कंट्रोल युनिटचा कनेक्टर काढून ठेवावा, इंधनाची टाकी बाहेर काढावी.

अर्धी चासी

सर्वांचे मनापासून आभार. पाइप आणि नळ्या आणल्या आहेत. आता रनरविषयी विचारतो. मी उंच आहे आणि घरातली दुसरी चालक माझ्यापेक्षा बरीच बुटकी आहे, त्यामुळे चालकाची सीट सरकती हवीच. पण रनर लावल्यावर सीट सुमारे ३० मिमीने उंच होते आणि माझे डोके रोल बारच्या जवळपास बरोबरीला येते. शिवाय एका बाजूच्या रनरला खटका आहे आणि दुसऱ्या बाजूचा नुसताच सरकतो. हे असेच असते का?

तिसरा गिअर

काही जुन्या सीटना एकाच बाजूला खटका असे, पण तुमच्या उपयोगासाठी तो पुरेसा समजू नये. एकाच बाजूने अडकलेली सीट धडकेत तिरकी फिरते आणि मोकळ्या बाजूचा रनर पिळून दाते सोडतो. दोन्ही बाजूंना खटका असलेले आणि दोन्ही खटके एका दांडीने जोडलेले रनर घ्यावेत. बसवताना आधी चारही बोल्ट हाताने लावून सैल ठेवावेत, सीट एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे न्यावी आणि मगच आवळत जावे. रनर एकमेकांना समांतर नसतील तर ते मध्ये सरकतात आणि टोकाला अडतात, किंवा त्याहून वाईट म्हणजे एका बाजूचा खटका दात्यात पूर्ण उतरत नाही आणि ते वरून दिसतही नाही. प्रत्येक खाचेवर सीट थांबवून खाली डोकावून दोन्ही खटके बसले आहेत याची खात्री करावी.

चार जागा एका पातळीत नसतील तर वॉशरांची उतरंड रचू नये. तशा उतरंडीत बोल्ट मध्ये वाकतो. जेवढा फरक असेल तेवढ्या जाडीचा एकसंध पोलादी ठोकळा किंवा जाड नळीचा तुकडा द्यावा, आणि शक्य असल्यास तो पाइपालाच वेल्ड करून टाकावा.

डोक्याच्या उंचीबाबत तडजोड नको. उघड्या गाडीत हेल्मेटसकट बसल्यावर डोके रोल बारच्या माथ्यापासून किमान ५० मिमी खाली असावे, असा साधारण ठोकताळा आहे. तो साधत नसेल तर सीटच्या गादीतला फोम कमी करावा किंवा पातळ बैठकीची दुसरी सीट घ्यावी. उंची कमी करण्यासाठी सीटची पुढची कड मात्र खाली उतरवू नये. बैठक पुढे उतरती झाली की धडकेत माणूस पट्ट्याखालून पुढे घसरतो आणि पट्टा कमरेवरून पोटावर चढतो. पुढची कड मागच्यापेक्षा थोडी उंचच हवी.

शेजारच्या सीटला रनर लागतच नसतील तर ते काढून टाकावेत आणि सीट सरळ पाइपांवर बसवावी. जो भाग नसतो तो कधी खिळखिळा होत नाही.

जुना पाना

आवळण्याविषयी दोन शब्द. ८.८ प्रतीच्या ८ मिमी बोल्टाला कोरड्या, स्वच्छ आट्यांवर साधारण २५ न्यूटन-मीटर टॉर्क द्यावा. आट्यांना ग्रीस लावले असेल तर तेवढ्याच टॉर्कला बोल्ट फार ताणला जातो, हे विसरू नये. कापलेले स्प्रिंग वॉशर देऊन काही साधत नाही. नायलॉनचे कडे असलेले नट किंवा आट्यांना लावायचा मध्यम ताकदीचा लॉकिंग द्रव वापरावा. नायलॉनचा नट एकदा काढला की नवा घ्यावा, आणि नटाबाहेर बोल्टाचे निदान एक-दोन आटे दिसले पाहिजेत. एक्झॉस्ट जवळून जात असेल तिथे नायलॉन मऊ पडते, तिथे पूर्ण धातूचा लॉकनट हवा.

आवळून झाल्यावर बोल्टाच्या डोक्यावरून रनरपर्यंत रंगाची एक रेघ ओढा. पहिल्या शंभर-दोनशे किलोमीटरनंतर पुन्हा पाना लावा, आणि पुढे गाडी धुताना ती रेघ तुटली आहे का एवढे पाहिले तरी पुरते.

अर्धी चासी

आज काम पूर्ण झाले, म्हणून नोंदवून ठेवतो. दोन्ही सीटखाली २ मिमी जाडीचा नवा आडवा पाइप बसवला आणि आठही भोकांत १२ मिमीच्या नळ्या वेल्ड केल्या. वेल्डिंगसाठी पत्रा सोडवला, तेव्हा माझ्या त्या टण्‌ टण्‌ प्रयोगात पुढच्या भागातले सात रिव्हेट सैल झालेले आढळले, तेही गाडी अजून रस्त्यावर आलेली नसताना. पत्रा परत लावण्याआधी पाइपांना प्रायमर दिला आणि पोलाद व ॲल्युमिनियम यांच्यामध्ये सीलंटचा थर ठेवला. बकल काढून बोगद्याच्या मागच्या सांध्यापाशी ७/१६ चा बुश घातला. बुशाचे वेल्डिंग मात्र मी स्वतः केले नाही. ते एका जाणकार वेल्डरकडून करून घेतले आणि जिथे गाडीची नोंदणी व्हायची आहे तिथल्या तपासनिसाला दाखवण्यासाठी प्रत्येक टप्प्याचे फोटो ठेवले आहेत. शेजारच्या सीटचे रनर काढले. चालकाच्या सीटला दोन्ही बाजूंना खटके असलेले रनर लावले आणि गादीतला ४० मिमी फोम कापला. आता हेल्मेट घालून माझे डोके बारच्या ५५ मिमी खाली येते.

शेवटी सीटच्या पाठीच्या माथ्याला दोरी बांधून दोघांनी जोर लावून मागे ओढून पाहिले. पाठ थोडी लवली, पण तळ हलला नाही आणि पत्र्याने आवाज केला नाही. एक बारीकशी किरकिर तेवढी राहिली होती. ती शोधायला सबंध संध्याकाळ गेली. खटके जोडणारी दांडी बोगद्याच्या पत्र्याच्या कडेला घासत होती. ती कड ४ मिमी कापली आणि किरकिर थांबली.